सायकल फाट्यावर, आपण बसमध्ये: बेळगाव परिसरातल्या रोजच्या ये-जा करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका मशीन शॉपमध्ये मी एकवीस वर्षं काढली. गाव हिंडलगा–शिनोळी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. सुरुवातीला घरापासून कारखान्यापर्यंत सायकल मारली, मग नऊ वर्षं मोटारसायकल, आणि कंबर बोलायला लागली तेव्हा तिसरा मार्ग धरला: फाट्यापर्यंत सायकल, पुढं बस. आता गावातली पोरं कामाला लागली की संध्याकाळी कट्ट्यावर हेच विचारतात. त्यांना दिलेली उत्तरं इथं एकत्र लिहून काढली आहेत.

दाराशी गाडी उभी असताना बस कशाला?

आधी हिशेब मांडू. घर ते काम 20 किलोमीटर धरा, म्हणजे रोज 40. मोटारसायकल लिटरला 45 देत असेल आणि पेट्रोल 103 रुपये धरलं, तर दिवसाला सुमारे 92 रुपये, महिन्याच्या 25 दिवसांना 2,300 च्या घरात. कार लिटरला 15 देत असेल तर तोच आकडा 6,800 च्या पुढं जातो. यात टायर, ऑईल, सर्व्हिसिंग, विमा काहीच धरलेलं नाही. लोक पेट्रोल मोजतात, चेनस्प्रॉकेट कोणी मोजत नाही.

पैशापेक्षा मला जास्त खटकायचा तो शहरातला शेवटचा दीड किलोमीटर. हिंडलग्यापर्यंत गाडी झक्कास येते. पुढं राणी चन्नम्मा चौक, मग काम बाजारात असेल तर गणपत गल्ली आणि खडेबाजार. तिथं गाडी चालवायची नसते, ढकलायची असते. पार्किंग शोधण्यात पंधरा मिनिटं गेली की वाचवलेला वेळ तिथंच खलास.

पण एक कबूल करतो. तुमची रात्रपाळी असेल, सुट्टी रात्री बारा-साडेबाराला होत असेल आणि गावाला त्या वेळी बस नसेल, तर हे पान तुमच्यासाठी नाही. गाडी घ्या, हेल्मेट घाला आणि सावकाश या.

मग सुरुवात कुठून करायची?

परतीपासून. नव्वद टक्के लोक इथंच चुकतात. सकाळी कोणती बस मिळते हे सगळ्यांना पाठ असतं. संध्याकाळी शेवटची किती वाजता सुटते ते विचारल्यावर डोकं खाजवतात. सकाळी बस चुकली तर दुसरी मिळते, वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप) मिळतं, कोणाच्या तरी मागे बसता येतं. रात्री चुकली तर फाट्यावर तुम्ही, कुत्री आणि बंद टपरी.

म्हणून एक आठवडा काहीही न बदलता फक्त बघा. गावाच्या फाट्यावर परतीची शेवटची बस खरोखर किती वाजता येते ते वहीत लिहा. पाटीवरची वेळ नको, आलेली वेळ लिहा. माझ्या फाट्यावर दोन्हींत कधी दहा मिनिटांचा तर कधी चाळीस मिनिटांचा फरक असायचा. मग शेवटच्या बसच्या आधीची बस ही 'आपली' बस समजायची आणि शेवटची राखीव ठेवायची. सुट्टी आणि 'आपली' बस यांच्यात अर्धा तासही मोकळा राहत नसेल, तर बसवर विसंबू नका.

आणखी एक. मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात वस्तीला येऊन पहाटे सुटणारी बस, तुमच्या गावाला किंवा शेजारच्या गावाला असेल तर तुम्ही नशीबवान आहात. तिची वेळ सहसा चुकत नाही, कारण ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपलेले असतात.

किती अंतर चालावं, किती सायकलनं, किती गाडीनं?

माझा ढोबळ नियम: एक किलोमीटरपर्यंत चालत, बारा मिनिटं लागतात. एक ते चार किलोमीटरला सायकलसारखी दुसरी सोय नाही. साधी सायकल ताशी 12 ते 15 किलोमीटरनं जाते, म्हणजे तीन किलोमीटरला पंधरा मिनिटं आणि घामही फारसा येत नाही. चारच्या वर स्कूटर. दहाच्या वर स्कूटर काढावी लागत असेल, तर बस बदलण्यापेक्षा सरळ शहरापर्यंतच गेलेलं बरं.

चढ मात्र लक्षात घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे, पण शहर आणि भोवतालची गावं काही एका पातळीत नाहीत. येळ्ळूर-वडगावच्या बाजूला शेतं सपाट, तिथं सायकल लोण्यासारखी जाते. कंग्राळी-आंबेवाडीकडे मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात उतरलात की परत चढावंच लागतं. सकाळी उतार लागला म्हणून खूश होऊ नका. तो संध्याकाळी, दमलेल्या पायांनी चढायचा असतो.

सायकल किंवा गाडी फाट्यावर ठेवायची कुठं?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिथं दिवसभर माणूस असतो ती. चहाची टपरी, पिठाची गिरणी, दूध डेअरी, केशकर्तनालय. देवळाच्या आवारात ठेवू नका. दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. गिरणीवाल्याला महिन्याकाठी काहीतरी द्या, तो नको म्हणाला तरी द्या. फुकटची जागा गणपतीत मंडप घालायच्या वेळी पहिली जाते.

कुलूप दोन ठिकाणी: मागच्या चाकाला सायकलचं स्वतःचं, आणि फ्रेममधून खांबाला साखळी. फक्त चाक बांधून गेलात तर चाक राहतं, सायकल जाते. माझी एक सायकल शहरातल्या एका पैसे घेऊन गाड्या सांभाळणाऱ्या स्टँडवरून गेली. चिठ्ठी माझ्या खिशात होती, सायकल नव्हती. चिठ्ठीमागे बारीक अक्षरात 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. तेव्हापासून फ्रेमखालचा नंबर आणि सायकलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवतो. पोलिसांत तक्रार देताना 'काळी, बावीस इंची' एवढं सांगून काही होत नाही.

रेल्वे स्टेशनवर पैसे देऊन दुचाकी लावता येते. रात्रभर ठेवणार असाल तर दर वेगळा लागतो का, ते आधी विचारा.

चारचाकी आहे. ती शहराबाहेर ठेवून पुढं सिटी बसनं जाणं परवडतं का?

मोठ्या शहरांत हे चालतं, कारण तिथं शेवटचे वीस किलोमीटर वाचतात. बेळगाव एवढं मोठं नाही. पिरनवाडीला कार ठेवून सिटी बसची वाट बघण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात तुम्ही गोवावेसला पोचलेले असता. म्हणून रोजच्या कामासाठी मी हा सल्ला देत नाही, एक अपवाद सोडून: काम बाजारपेठेत असेल तर. मग कार किल्ला तलावाच्या किंवा कॅम्पच्या बाजूला, नियमात बसेल अशा ठिकाणी लावा आणि आत चालत जा. किंवा डिकीत सायकल ठेवा. हसू नका, मागची सीट पाडली आणि पुढचं चाक काढलं की साधी सायकल हॅचबॅकमध्ये बसते. माझ्या ओळखीतले एक शिक्षक हे वर्षानुवर्षं करत आले आहेत.

कारचा खरा उपयोग होतो तो लांबच्या प्रवासाला. धारवाड-हुबळीला किंवा कोल्हापूरला रोज जाणाऱ्यानं कार स्टेशनपर्यंत किंवा बसस्टँडपर्यंतच न्यावी. दीडशे-दोनशे किलोमीटर रोज स्टेअरिंग धरून जो पगार मिळवतो, तो पुढं पाठीच्या डॉक्टरला देतो.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये. मला वाचता येत नाहीत. चुकीच्या बसमध्ये बसलो तर?

पाट्यांच्या राजकारणावर माझंही मत आहे, पण ते सकाळी आठच्या बसला उपयोगी पडत नाही. तीन-चार गोष्टी करा. आपल्या मार्गावरच्या दोन-तीन गावांची नावं कन्नड अक्षरांत कशी दिसतात ते चित्रासारखं लक्षात ठेवा. आठ दिवसांत जमतं. कन्नड आकडे वेगळे असतात, तेही दहाच आहेत. चढण्याआधी गावाचं नाव मोठ्यानं विचारा. बेळगावच्या आसपासच्या फेऱ्यांवर बहुतेक कंडक्टरांना मराठी कळतं, आणि नसेल कळत तर शेजारच्या प्रवाशाला कळतं.

थोडं ऐकून ठेवा: 'मुंद होग्री' म्हणजे पुढं सरका. 'चिल्लर कोड्री' म्हणजे सुटे द्या. पहिलं वाक्य तुम्हाला दिवसातून वीस वेळा ऐकू येईल.

सायकल बसमध्ये चढवता येते का?

नाही, असं समजूनच चला. पूर्वी लाल बसच्या मागे शिडी असायची, टपावर कॅरिअर असायचं. बाजाराच्या दिवशी कोंबड्यांच्या पाट्या, नांगराचे फाळ आणि सायकली एकत्र प्रवास करायच्या. आताच्या बसला ते नाही. घडीची सायकल पिशवीत घालून रिकाम्या बसमध्ये नेता येईल, पण सकाळी साडेआठच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तिथं सायकल घेऊन चढलात तर कंडक्टरच्या आधी आजीबाईच उतरवतील.

काहींनी दोन सायकली ठेवल्या आहेत: एक गावाकडच्या फाट्यावर, दुसरी शहरात कामाच्या बाजूला. जुन्या सायकली स्वस्त मिळतात. सीबीटीपासून, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडपासून, उद्यमबाग किंवा ऑटोनगर लांब पडतं, त्यामुळं मला हा मार्ग भारी वाटतो. माझी दुसरी सायकल कारखान्याच्या शेडमध्येच असायची.

रेल्वेचा उपयोग होतो का?

काही गावांना फार, काहींना शून्य. मिरज–लोंढा लाईनवर कुडची, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड, पाच्छापूर, सुळेभावी, सांबरा, बेळगाव, देसूर, खानापूर, गुंजी, लोंढा अशी स्टेशनं आहेत. तुमचं घर किंवा काम यांच्याजवळ असेल तर बसपेक्षा रेल्वे स्वस्त आणि आरामाची. बेळगावहून रायबाग-कुडचीकडे शाळेत, बँकेत जाणारी मंडळी याच लाईनवर नोकऱ्या पार पाडतात.

एक खूण सांगतो: स्टेशनच्या नावात 'रोड' असेल तर गाव लांब आहे असं समजा. गोकाक रोडला उतरून गोकाक दिसत नाही, चिकोडी रोडला उतरून चिकोडी दिसत नाही. इंग्रजांच्या काळात लाईन जिथून सोयीची तिथून नेली आणि गावाकडं जाणारा रस्ता जिथं फुटतो तिथं स्टेशन बांधलं. म्हणजे तिथं उतरल्यावर पुढची सोय तुमची तुम्ही केलेली पाहिजे, आणि स्टेशनवर ठेवलेली सायकल किंवा स्कूटर इथं खरी कामाला येते. निपाणीवाल्यांना रेल्वेच नाही. त्यांनी राष्ट्रीय महामार्ग 48 वरच्या बसवर भिस्त ठेवावी.

रोज जाणाऱ्यानं मासिक सीझन तिकीट काढावं. ते 150 किलोमीटरपर्यंत मिळतं आणि रोजच्या तिकिटांच्या मानानं फारच स्वस्त पडतं. हे अनारक्षित डब्यासाठी आहे. वंदे भारतमध्ये चालत नाही. 2024 च्या सप्टेंबरपासून पुणे–हुबळी आणि 2025 च्या ऑगस्टपासून बेंगळूरु–बेळगाव वंदे भारत धावते, त्याचं कौतुक मलाही आहे, पण देसूरच्या फिटरला तिचा उपयोग फक्त फाटकावर थांबून बघण्यापुरता.

आणि रेल्वेत सायकल?

साधी सायकल पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, न्यावी लागते. रोजच्या प्रवासात ते शक्य नाही. दोन मिनिटं थांबणाऱ्या स्टेशनवर तर नाहीच. डब्यात आपल्याजवळ ठेवायच्या पेटी-बॅगेचं माप 100 × 60 × 25 सेंटिमीटर आहे. घडी केलेली 20 इंची चाकांची सायकल जाडीला यापेक्षा बरीच भरते. कोणी अडवेल न अडवेल, पण नियम आपल्या बाजूनं नाही हे माहीत असावं.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर रोज अडकतो. काय करू?

बेळगावात गेटला नंबर आहेत आणि पत्ता सांगतानाही आपण 'दुसऱ्या गेटजवळ' असंच सांगतो. कपिलेश्वर, गोगटे सर्कल आणि तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाले. पहिल्या आणि दुसऱ्या गेटच्या माणसाला मात्र गाड्यांच्या वेळा माहीत असलेल्या बऱ्या. 27 फेब्रुवारी 2023 ला नव्या स्टेशन इमारतीबरोबर लोंढा–बेळगाव–घटप्रभा दुहेरी लाईनही लोकार्पण झाली. दुहेरी लाईन म्हणजे एक गाडी गेली म्हणून गेट उघडेल असं नाही. दुसऱ्या बाजूनं दुसरी येत असू शकते.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण सायकलवाल्याला सायकल आडवी करून बंद गेटखालून काढायची सवय असते. मीही काढली आहे. पहिली गाडी जाताना तिच्या आवाजात दुसरीचा आवाज लपतो. तो गुन्हा तर आहेच, पण गुन्ह्याचा दंड भरायला माणूस उरला पाहिजे. चार मिनिटं थांबा.

उघड्या गेटवरून जातानाही रूळ सरळ काटकोनात ओलांडा. तिरकी सायकल घातली की बारीक टायर रुळाच्या खाचेत बसतो, आणि पावसाळ्यात तर लोखंड साबणासारखं होतं.

बाईमाणसांना बस फुकट आहे, मग स्कूटर-सायकलची गरज काय?

11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या रहिवासी महिलांना राज्यातल्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं, शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचं. राजहंस, स्लीपर, एसी यांत चालत नाही. याचा खरा फायदा फाट्यापर्यंतच्या सोयीनं दुप्पट होतो. आमच्याकडच्या कितीतरी जणी सकाळी स्कूटीनं फाट्यावर येतात, स्कूटी डेअरीपाशी लावतात आणि पुढचा पंधरा किलोमीटरचा प्रवास फुकट करतात. पेट्रोल फक्त तीन किलोमीटरचं.

पुरुषांसाठी उलट झालं: 5 जानेवारी 2025 पासून राज्यातल्या बसचं भाडं 15 टक्क्यांनी वाढलं. त्यामुळं सीबीटीवर पासाची चौकशी करूनच हिशेब करा. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास सेवा सिंधू पोर्टलवरून अर्ज करून मिळतो. जूनमध्ये गर्दी होण्याआधी कागद जमवा.

मी शिनोळी-चंदगडकडची. मला शक्ती लागू होते का?

आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर नाही. तुमच्यासाठी महाराष्ट्र एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे बाचीच्या पलीकडं अर्धं, अलीकडं पूर्ण. रस्ता एक, गाव एकमेकाला चिकटलेलं, मामाचं घर या बाजूला आणि काकाचं त्या बाजूला, तिकीट मात्र शिवारावर तुटतं. यावर उपाय म्हणजे रोजचं काम बेळगावात असेल तर स्कूटर हद्दीच्या अलीकडच्या, तुरमुरी किंवा उचगाव फाट्यासारख्या ठिकाणी आणा आणि तिथून कर्नाटकची बस धरा. तिथून शहरापर्यंत फेऱ्याही जास्त मिळतात.

दोन राज्यांत वाद पेटला की बस बंद पडते. तेव्हा काय?

डिसेंबर 2022 मध्ये आणि फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्हीकडच्या आंतरराज्य बस काही दिवस थांबल्या होत्या. अशा वेळी बस बहुधा हद्दीपर्यंत येऊन परत फिरते. निपाणीकडचा माणूस कोगनोळीपर्यंत आणि चंदगडकडचा शिनोळीपर्यंत पोचतो. मधला तुकडा पायी, सायकलनं किंवा ओळखीच्या गाडीनं. त्या दिवसांत सायकलला भाव येतो. तिला कोणी अडवत नाही आणि तिच्यावर कुठल्याच राज्याचा नंबर नसतो.

माझी गाडी एमएच-09 आहे, रोज बेळगावात येते. कर्नाटकचा नंबर घ्यावा लागेल?

मोटार वाहन कायद्यानुसार गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथं पुन्हा नोंदणी करावी लागते. रोज सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतणारी गाडी 'ठेवलेली' नसते. घराचा पुरावा, विमा आणि पीयूसी बरोबर ठेवा, बोलणं थोडक्यात आटपतं. बेळगावातच भाड्यानं राहत असाल तर मात्र टाळाटाळ करू नका.

खानापूरहून रोज कारनं येतो. गणेबैल टोलचं काय करावं?

दुचाकीला टोल नाही, हा पहिला मुद्दा. कारला दोन पर्याय आहेत. 15 ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघाला आहे (निघाला तेव्हा 3,000 रुपयांचा), वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या होतात. म्हणजे 100 दिवसांत, चार महिन्यांत पास संपतो. तुमचं घर टोलनाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत असेल तर खासगी गाडीचा स्थानिक मासिक पास बघा. रोजच्या माणसाला तोच स्वस्त पडतो. पत्त्याचा पुरावा घेऊन नाक्यावरच विचारा.

चौघे सहकारी एका कारनं आलात तर सगळ्यात उत्तम. पेट्रोल वाटून घ्या. पण पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत फाट्याफाट्यावर माणसं भरून भाडं घेऊ नका. परमिट नाही म्हणून दंड वेगळा आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

वडाप चालेल का?

चालतंय, चालत राहील. बस नसलेल्या वेळेला वडापवाल्यानंच आम्हाला घरी पोचवलं आहे. पण भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरल्यावरही भरत राहतं. मागे लटकू नका.

पावसाळ्यात हे सगळं जमतं का?

आपल्या जिल्ह्यात 'पावसाळा' म्हणजे काय हे गावावर ठरतं. कणकुंबी-जांबोटीला जे कोसळतं त्याच्या पासंगालाही अथणीचा पाऊस पुरत नाही. अथणी-रायबागकडच्या माणसानं चार दिवस सोडले तर बारमाही सायकल मारावी. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही.

छत्री धरून सायकल चालवू नका; वारं छत्रीसकट तुम्हाला गटारात नेतं. पँट-शर्टाचा वेगळा रेनकोट घ्या, लांब झगा चेनमध्ये अडकतो. दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड असू द्या, नाहीतर तांबडा चिखल पाठीवर रांगोळी काढतो. एक जोड कपडे आणि चप्पल कामाच्या ठिकाणीच ठेवा. रिमला धरणारे ब्रेक ओले झाले की पहिल्या क्षणाला लागतच नाहीत. आधी हलके दाबून रिम पुसून घ्या, मग जोरात दाबा. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर त्याखाली काय आहे हे कालपर्यंत माहीत होतं, आज नाही. बळ्ळारी नाला फुगला की वडगाव-येळ्ळूरच्या बाजूला हे दरवर्षी होतं.

शेवटचं: पावसात चेनला तेल दर आठवड्याला. नुसतं खोबरेल नव्हे.

अंधारात फाट्यावरून घरी जायला भीती वाटते.

वाटलीच पाहिजे. नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू झाला की चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाडकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. मोटारसायकलवाल्याला ते दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. सायकलला मागे लाल लुकलुकणारा दिवा लावा, बॅगेवर चमकणारी पट्टी शिवून घ्या. ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना समोर मोकळं दिसत असेल तरच.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या मंडळींची अडचण वेगळी. पहाटेच्या अंधारात अस्वल आडवं येतं. तिथं एकट्यानं सायकल नको. दोघं-तिघं मिळून, बोलत, घंटी वाजवत जा.

ई-सायकल घेऊ का?

चढाच्या गावाला जरूर. मोटर 250 वॉटपर्यंत आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असेल तर तिला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. बॅटरी काढून बरोबर नेता येईल अशीच घ्या. टपरीवर सायकल राहते, बॅटरी तुमच्या बॅगेत, आणि कारखान्यात चार्ज करता येते. जिची बॅटरी फ्रेमच्या आत बंद आहे ती फाट्यावर ठेवायची सायकल नव्हे.

कुठल्या दिवशी हे वेळापत्रक विसरून जायचं?

गणेश विसर्जनाच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. आपल्याकडं मिरवणूक दिवसात संपत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री. 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी. सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन असेल त्या दिवसांत हलगा-बस्तवाडच्या बाजूला, कारण रोज कोणाचा ना कोणाचा मोर्चा असतो. या दिवशी बस शहराच्या कडेलाच प्रवाशांना उतरवते. शहरात दुसरी सायकल ठेवलेला माणूस त्या दिवशी सगळ्यांच्या आधी कामावर पोचतो आणि दिवसभर ते सांगत फिरतो. मीही सांगायचो.

बसमधून उतरलो आणि सायकल पंक्चर. रात्रीचे साडेनऊ. आता?

चालवू नका, रिम वाकेल. सीट धरून ढकलत न्या. हवेचा छोटा पंप घरी न ठेवता सायकलच्या फ्रेमला बांधा. बारीक काटा असेल तर तेवढ्या हवेवर दोन-तीन किलोमीटर जाता येतं. आणि ज्या गिरणीत सायकल ठेवता त्या गिरणीवाल्याचा फोन नंबर असू द्या. माझ्याकडं होता. त्यानं एकदा आपली लूना दिली आणि म्हणाला, सकाळी दळण आणायला येशील तेव्हा परत कर.